जुनी एमपीएफआय गाडी उभी असताना थरथरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातून हे प्रश्न बारा महिने येत असतात. पावसाळ्यात आणि चवथीच्या तोंडावर जरा जास्तच, कारण तेव्हा उभ्या असलेल्या गाड्या बाहेर निघतात. उत्तरं साधारण १९९८ ते २०१२ या काळातल्या पेट्रोल इंजेक्शनच्या (एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांसाठी आहेत: मारुती ८०० आणि ऑल्टोची एमपीएफआय मॉडेलं, झेन, वॅगन आर, एस्टीम, सँट्रो, अ‍ॅक्सेंट, पेट्रोल इंडिका, पालिओ, जुनी सिटी, पहिली स्विफ्ट. कार्ब्युरेटरच्या आणि डिझेल गाड्यांना यातलं बरंचसं लागू पडत नाही. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

१. माझी ८०० पहिल्यापासूनच थोडी हलते. आयडलिंग खरंच बिघडलंय हे ओळखायचं कसं?

तीन सिलिंडरचं इंजिन थोडं हलणारच, ते त्याच्या बांधणीतच आहे. बघायचं ते ठोक्याकडे. इंजिन पूर्ण गरम करा (रेडिएटरचा फॅन एकदा लागून बंद होऊ द्या), एसी आणि दिवे बंद ठेवा. बहुतेक गाड्यांचं स्लो (आयडलिंगचा वेग) ७५० ते ९०० आरपीएमच्या मध्ये असतं आणि काटा ५० च्या वर मागेपुढे होत नाही. आता सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब हात धरा. झोत एकसारखे येत असतील तर इंजिन ठीक. मधूनच एक झोत गळतोय, ‘फट् फट् फुस्’ असं होतंय, तर मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन नीट पेटत नाही. कागदाची पट्टी तोंडाशी धरल्यावर ती अधूनमधून आत ओढली जात असेल तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसण्याची शक्यता आहे. मग प्रश्न १८ कडे जा.

२. गाडी थरथरते, पण आरपीएमचा काटा जागचा हलत नाही. मग?

मग इंजिनपेक्षा माउंटिंगवर (इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांच्यावर) संशय घ्या. बॉनेट उघडून कोणाला तरी हँडब्रेक लावून, पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा सोडायला सांगा, पुढे न जाता. त्या वेळी इंजिनच्या बाजूला उभे राहा, समोर नको. इंजिन बोटभर उचललं जात असेल किंवा धातूचा ठोका ऐकू येत असेल तर रबर फाटलंय. स्टिअरिंग आणि सीट थरथरते पण सायलेन्सरचा झोत एकसारखा आहे, ही त्याची दुसरी खूण. सायलेन्सरचा पाइप चॅसिसला टेकला तरी हेच होतं. खड्ड्यात गाडी आपटल्यावर सुरू झालं असेल तर आधी तेच बघा.

३. मेकॅनिक म्हणतो आधी प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टर बदलून बघू. सुरुवात कुठून करावी?

बदलून बघू नका, तपासून बदला. पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा.

पहिली: थंड असताना होतं की गरम झाल्यावर? इंजिन थंड असतानाच होत असेल तर टेम्परेचर सेन्सर, गळका इंजेक्टर, पातळ मिश्रण (हवेच्या मानानं पेट्रोल कमी), हेड गॅस्केट यांच्याकडे बघा. गरम झाल्यावरच असेल तर तापल्यावर सुटणारी कॉइल (प्लगला वीज देणारी) किंवा टाइट झालेले व्हॉल्व्ह.

दुसरी: ठेका कसा आहे? ठरावीक तालात एकच झोत गळत असेल तर दोष एका सिलिंडरचा, म्हणजे प्लग, वायर, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). काटा ७०० ते १५०० असा झोके घेत असेल तर हवेची चोरी (प्रश्न ७) किंवा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (स्लोवर हवा कमीजास्त करणारा). ताल नसलेली, बेभरवशाची थरथर असेल तर सगळ्या सिलिंडरांना मिळून लागणारी गोष्ट: इंधनाचं प्रेशर, अर्थिंग, मॅप सेन्सर (प्रश्न ८), ईजीआर (जळालेला वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह).

तिसरी: रेस दिल्यावर काय होतं? २,५०० आरपीएमला गाडी गुळगुळीत चालत असेल तर हवा, ईजीआर किंवा थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप). वरतीही अडखळत असेल तर स्पार्क किंवा इंधन.

एवढं लिहून गॅरेजमध्ये गेलात तर निम्मं काम झालं. गाडी थंड असताना होणारा दोष गरम गाडी दाखवून कोणालाही सापडत नाही, तेव्हा तशी तक्रार असेल तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजवर ठेवा.

४. नेमका कुठला सिलिंडर मिस होतोय हे घरी कसं शोधू?

चालू इंजिनवर प्लगची वायर उपटायची जुनी पद्धत इंजेक्शनच्या गाडीवर करू नका. स्पार्कला वाट मिळाली नाही की कॉइल आणि इग्निटर जळू शकतात, हाताला झटका बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवतं. त्याऐवजी इंजिन स्लोवर ठेवून इंजेक्टरचा विजेचा सॉकेट एकेक करून काढा आणि परत लावा. सॉकेटची क्लिप आधी दाबा, वायर ओढू नका. चांगल्या सिलिंडरचा सॉकेट काढला की आरपीएम लगेच पडतो आणि थरथर वाढते. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाहीये. पहिल्या सेकंदाकडे लक्ष द्या, कारण आयडल कंट्रोल लगेच हवा वाढवून पडलेला आरपीएम भरून काढतो. या तपासणीनंतर चेक इंजिन लाईट लागली तर घाबरू नका, कोड पुसता येतो.

सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग गेला. नाही सरकलं तर वायर किंवा कॉइल बदलून बघा, मग इंजेक्टर. इंजेक्टरची कॉइल मल्टिमीटरवर साधारण ११ ते १७ ओहम दाखवते. सगळ्यांचे आकडे जवळपास सारखे हवेत. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून प्रत्येकाची टिकटिकही ऐका. कुठेच सरकलं नाही तर उरतं कॉम्प्रेशन.

एक मोलाची खूण: चार सिलिंडरच्या आणि दोन कॉइलच्या गाड्यांत १ व ४ ची जोडी एका कॉइलवर आणि २ व ३ ची दुसरीवर असते. जोडीचे दोन्ही मिस होत असतील तर प्लग बदलण्यात पैसे घालू नका, कॉइल किंवा तिची वायरिंग बघा.

५. प्लग काढला, आता त्यावर काय वाचायचं?

काढण्याआधी प्लगच्या खड्ड्यातली माती फुंकून काढा. आपल्याकडची तांबडी माती सिलिंडरमध्ये गेली तर पॉलिश पेपरचं काम करते. फिकट तपकिरी टोक म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण घट्ट किंवा स्पार्क कमजोर. पेट्रोलनं ओला म्हणजे स्पार्कच नाही. तेलकट काळा म्हणजे व्हॉल्व्ह सील किंवा रिंग. पांढरा, भाजल्यासारखा म्हणजे मिश्रण पातळ. आणि बाकीचे तपकिरी असताना एकच लख्ख धुतल्यासारखा असेल तर तिथे कूलंट जातंय, प्रश्न १८ बघा. चिनीमातीवर उभी काळी रेघ दिसली तर स्पार्क बाहेरून पळतोय. अशा वेळी प्लगबरोबर वरची रबरी टोपीही बदलावी लागते.

गॅप मॉडेलप्रमाणे ०.८ ते १.१ मिमी, फीलर गेजनं मोजून. नवा प्लग हातानं शेवटपर्यंत बसवा आणि मग पान्यानं अर्धा फेरा. जुनाच परत लावत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो, तेव्हा फक्त बाराव्या भागाएवढा फेरा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले की पाचशेचं काम पाच हजारांवर जातं.

६. फक्त पावसाळ्यात, सकाळी मिस होते. ऊन आलं की ठीक. पाणी कुठे जातंय?

बहुतेक वेळा पाणी कुठेच ‘जात’ नाही. नुसत्या दमट हवेनं जुन्या प्लग वायरींवर ओल धरते आणि स्पार्क प्लगऐवजी इंजिनच्या अंगावर उडी मारतो. अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि फवारणीच्या बाटलीनं वायरींवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या दिसतील किंवा टकटक ऐकू येईल. हात आणि कपडे लांब ठेवा. मल्टिमीटरवर वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण २० किलोओहमच्या वर असेल, किंवा एकच वायर बाकीच्यांपेक्षा खूप वेगळी असेल, तर पूर्ण सेट बदला. डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत त्याची टोपी उघडून आतल्या भिंतीवर केसासारखी चीर आणि रोटरचं टोक बघा.

प्लगवरच कॉइल बसणाऱ्या गाड्यांत बोनेटवरून ठिबकलेलं पाणी प्लगच्या विहिरीत साचतं. सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरनं इंजिन धुतल्यावर सुरू झालेलं मिसिंग जवळजवळ नेहमी तेच असतं. विहिरीत पाण्याऐवजी तेल सापडलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गेलंय.

पावसाळ्यातला दुसरा पाहुणा उंदीर. ऊब शोधत तो इनटेकवर येऊन बसतो आणि इंजेक्टरच्या वायरी, व्हॅक्यूमच्या नळ्या कुरतडतो. भाताचं तूस किंवा काजूची टरफलं एअर फिल्टरच्या डब्यात सापडली तर वायरिंग हातानं चाचपून बघाच.

७. ‘हवा चोरते’ म्हणजे काय, आणि चोरी शोधायची कशी?

थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, कुठूनही आत शिरणारी न मोजलेली हवा. जुन्या गाडीत नेहमीच्या जागा: पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ परत आत नेणारी, नळी (वाकणाखालून चिरते, वरून धड दिसते), ब्रेक बूस्टरची जाड नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगा, मॅप सेन्सरची बारीक नळी आणि वापरात नसलेल्या तोट्यांवरची रबरी टोपणं. आपल्या उन्हात ही टोपणं बिस्किटासारखी चुरा होतात.

आधी फुकटच्या तपासण्या. ब्रेक पेडल दाबून धरा: फुस्स आवाज येऊन स्लो बदललं तर बूस्टर. संशयित नळ्या पक्कडीनं एकेक दाबा: थरथर थांबली ती नळी दोषी. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवा: खडखडला पाहिजे. मग फवारणीच्या बाटलीनं सांध्यांवर पाणी मारा: पाणी आत ओढलं जाईल तिथे क्षणभर आवाज बदलतो. कार्ब क्लीनर मारून आरपीएम वाढतो का बघायची पद्धत सर्रास चालते, पण तापलेल्या मॅनिफोल्डवर ती आगीला आमंत्रण आहे. उदबत्तीचा धूर वापरणारेही आहेत. जिथे पेट्रोलचा वास असू शकतो तिथे निखारा नेऊ नये. सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे धुराचं मशीन असलेलं गॅरेज.

व्हॅक्यूम गेज मिळत असेल तर समुद्रसपाटीवर धडधाकट इंजिन स्लोवर १७ ते २१ इंच पारा दाखवतं. स्थिर पण कमी म्हणजे चोरी किंवा टायमिंग, एका तालात खाली पडणारा काटा म्हणजे एखादा व्हॉल्व्ह.

८. पण पुस्तकात लिहिलंय हवा चोरली की मिश्रण पातळ होतं. माझ्या गाडीत उलट आरपीएम वाढलाय. असं का?

कारण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा मोजणारा मीटर नसून मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. चोरून आलेल्या हवेनं दाब वाढतो, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिनाला जास्त हवा मिळाली, आणि तो त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो. मिश्रण जवळपास बरोबर राहतं, स्लो मात्र चढतं. ईसीयू मग आयडल व्हॉल्व्ह बंद करत नेतो. तो पूर्ण बंद झाल्यावरही आरपीएम उतरत नसेल तर ईसीयू पेट्रोल तोडतो, आरपीएम पडतो, पेट्रोल परत येतं, आणि गाडी झोके घ्यायला लागते. स्कॅनरवर आयडल व्हॉल्व्हची टक्केवारी शून्याजवळ दिसणं ही अशा गाडीतली चोरीची खूण. अपवाद: चोरी एकाच सिलिंडरच्या वाटेवर असेल, उदाहरणार्थ त्याच्या ओ-रिंगमधून, तर तो एकटाच पातळ होऊन मिस करतो. एअर फ्लो मीटर असलेल्या गाड्यांत मात्र पुस्तकातलं वर्णन तंतोतंत लागू पडतं.

९. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर स्लो १,५०० वर गेलं. बिघडवलं का मी?

बहुधा नाही. काजळीनं अडलेल्या वाटेतून हवा यावी म्हणून ईसीयूनं आयडल व्हॉल्व्ह हळूहळू जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते. वाट मोकळी झाली, सवय तीच राहिली. बॅटरीची निगेटिव्ह तार १५ मिनिटं काढून ठेवा (रेडिओला कोड लागत असेल तर आधी शोधून ठेवा). परत जोडून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी चालू करा, फॅन दोनदा लागेपर्यंत स्लोवर राहू द्या, मग एसी लावून आणखी ५ ते १० मिनिटं. बहुतेक जुन्या गाड्या एवढ्यात शिकतात, काहींना स्कॅनरनं शिकवावं लागतं. तरीही नाही उतरलं तर थ्रॉटलचं गॅस्केट नीट बसलंय का बघा.

साफ करताना क्लीनर कापडावर घ्या, थेट आत ओतू नका. थ्रॉटलच्या पात्याची कड आणि तिच्यासमोरची भिंत दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासा. टीपीएस सेन्सरमध्ये (थ्रॉटल किती उघडला ते सांगणाऱ्या) क्लीनर जाऊ देऊ नका. आयडल व्हॉल्व्ह काढला तर त्याची सुई हातानं आत-बाहेर ढकलू नका, आतला स्क्रू मोडतो.

१०. मेकॅनिकनं थ्रॉटलवरचा स्क्रू फिरवून स्लो वाढवून दिलं. चालेल?

नाही. तो पात्याचा स्टॉप स्क्रू आहे, फॅक्टरीत लावलेला. तो फिरवला की टीपीएसचा बंद स्थितीचा व्होल्टेज (साधारण अर्धा व्होल्ट) बदलतो आणि पाय उचललेला आहे हे ईसीयूला कळेनासं होतं. मूळ दोष झाकला जातो, नवा मागे लागतो.

११. एसी लावला की गाडी मरायला टेकते.

कॉम्प्रेसर लागताना ईसीयूनं हवा वाढवून स्लो टिकवायला हवं, किंबहुना थोडं चढवायला हवं. ते होत नसेल तर क्रमानं बघा: आयडल व्हॉल्व्हमधली काजळी (प्रश्न ९), मग एसी लावल्याचा सिग्नल ईसीयूपर्यंत पोचतोय का, मग चार्जिंग. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. एसी, फॅन, दिवे लावल्यावर १३ च्या खाली गेलं तर अल्टरनेटर किंवा पट्टा. कंडेन्सरचा फॅन बंद असेल तर गॅसचं प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसर इंजिनला जड होतो. फेरीबोटीच्या रांगेत थरथरते आणि रस्त्यावर ठीक चालते, अशी तक्रार असेल तर हा फॅन आधी बघा. तिथे सगळं ठीक असेल तर एक सिलिंडर आधीच अशक्त आहे आणि एसीनं फक्त ते उघड केलं.

१२. किनाऱ्याजवळ घर आहे. खाऱ्या हवेचा यात काही हात असतो का?

मोठा. इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी आतून हिरवी होते, बाहेरून शाबूत दिसते. मग सेन्सरांचे व्होल्टेज डोलतात आणि एकाच वेळी चार वेगवेगळे दोष असल्यासारखी गाडी वागते. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (तारेवर नव्हे), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. स्टार्टर फिरताना ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब. दिवे-एसी लावून स्लोवर ०.१ च्या आत हवं. पट्टी सोडवा, दोन्ही बाजूंचा धातू पॉलिश पेपरनं चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी नको. सॉकेटमधल्या हिरव्या पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

१३. चेक इंजिन लाईट लागत नाही आणि मोबाइलचा स्वस्त स्कॅनर जुळत नाही. मग दोष नाही असं समजू?

तसं समजू नका. भारतात ओबीडी-२ ची (गाडीचे दोष सगळ्या स्कॅनरांना एकाच भाषेत सांगणाऱ्या पद्धतीची) सक्ती एप्रिल २०१३ पासूनची. त्याआधीच्या अनेक गाड्यांत सॉकेट तसाच दिसतो, पण भाषा कंपनीची असते, म्हणून त्या ब्रँडचं सॉफ्टवेअर असलेला गॅरेजचा स्कॅनर लागतो. शिवाय बऱ्याच जुन्या ईसीयूंना मिसिंग ओळखताच येत नाही. किल्ली लावल्यावर इंजिन सुरू होण्याआधी ती लाईट लागते का, एवढं मात्र बघा. न लागणारी लाईट म्हणजे कधी कधी सेकंडहँड गाडी विकताना कोणीतरी काढलेला बल्ब.

जुळला तर पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या क्रमांकाचा सिलिंडर मिस, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०५०५ म्हणजे आयडल कंट्रोल. कोड दोषाचा पत्ता सांगतो, पार्टचं नाव नव्हे. मॅप सेन्सरही बघा: किल्ली चालू, इंजिन बंद असताना किनाऱ्यावर सुमारे १०० किलोपास्कल, गरम स्लोवर २८ ते ४०.

१४. ऑक्सिजन सेन्सर ‘लीन’ दाखवतो. बदलू का?

थांबा. मिस होणाऱ्या सिलिंडरमधून न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरमध्ये येतो आणि सेन्सर प्रामाणिकपणे ‘पातळ’ म्हणतो. मग ईसीयू सगळ्यांना जास्त पेट्रोल देतो आणि बाकीचे प्लग काळे पडतात. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चीर असेल तरी हेच. त्यामुळे आधी प्रश्न ४ ची तपासणी. धडधाकट सेन्सर गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खालीवर करतो, एका आकड्यावर चिकटला तर संशय घ्यायचा. फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलात करतो ती कमीजास्त, तात्पुरती आणि कायमची) दोन्ही मिळून अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत ठीक. स्लोवर जास्त आणि २,५०० ला उतरणारी असेल तर हवा, रेस दिल्यावर वाढणारी असेल तर पंप, फिल्टर किंवा प्रेशर.

१५. ई२० पेट्रोल आल्यापासून सकाळी थरथरते. पेट्रोलचा दोष की गाडीचा?

दोन्हीचा थोडा. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत साधारण ९ टक्के जास्त इंधन टाकावं लागतं. गरम झाल्यावर ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीनं ईसीयू ते भरून काढतो. पहिली दोन-तीन मिनिटं मात्र सेन्सर थंड असतो आणि ईसीयू जुन्या पेट्रोलच्या हिशेबानं चालतो, म्हणून मिश्रण पातळ. धड गाडीत ही थरथर किरकोळ असते आणि मिनिटभरात जाते. जात नसेल तर ई२० नं आधीचाच दोष वर आणला: अर्धवट तुंबलेले इंजेक्टर, कमजोर पंप, खोटं सांगणारा कूलंट टेम्परेचर सेन्सर. सेन्सर काढून मोजा: २०° सेल्सिअसला २ ते ३ किलोओहम, ८०° ला ३०० ओहमच्या आसपास.

इथेनॉल टाकीच्या तळचा जुना गंज आणि चिकटा सोडवतं, तेव्हा पेट्रोल फिल्टर एकदा लवकर बदला. जुन्या रबरी नळ्या फुगल्यात का, इंजिनाजवळ पेट्रोलचा वास येतो का, हे दर महिन्याला बघा. ही बचत करायची जागा नाही.

१६. मुलगा बोटीवर असतो, गाडी सहा-आठ महिने उभी होती. चालू झाली पण धड चालत नाही.

पहिलं काम, टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर इथेनॉलनं हवेतली ओल ओढून पाण्यासकट तळ गाठलाय. पंप तळातूनच ओढतो, म्हणून इंजिनाला तेच मिळतं. त्यात नवीन पेट्रोल ओतून उपयोग नाही, टाकी रिकामी करावी लागते. थर नाही पण वास वार्निशसारखा येतोय, तरीही काढा.

मग इंधनाचं प्रेशर. रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या पाइपवर) व्हॅक्यूम नळीचा रेग्युलेटर असलेल्या गाडीत स्लोवर साधारण २.५ बार, नळी काढल्यावर ३ च्या आसपास. त्या नळीत पेट्रोल सापडलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा. इंजेक्टर चिकटले असतील तर अल्ट्रासॉनिक साफ करून घ्या आणि प्रत्येकातून सारख्या वेळात किती पेट्रोल पडतं ते कागदावर मागा. ओ-रिंगा नव्याच लावा. बाटलीतलं क्लीनर टाकीत ओतणं किरकोळ मळाला चालतं, बंद पडलेल्या इंजेक्टरला नाही.

पुढच्या वेळी टाकी जवळजवळ भरून ठेवा, बॅटरी सोडवा, आणि शेजाऱ्याला नुसती पाच मिनिटं चालू करायला सांगू नका. एवढ्यात इंजिन गरम होत नाही, तेलात ओल तेवढी साचते. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर.

१७. ‘गोव्यात थंडी कुठे’ म्हणून थर्मोस्टॅट काढलेला आहे. त्याचा संबंध असतो का?

असतो. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो, इंजिन लवकर कामाच्या तापमानाला आणण्यासाठी असतो. तो नसला की रस्त्यावर कूलंट ६०-७० अंशांवर रेंगाळतं, ईसीयूला इंजिन थंडच वाटतं आणि तो जास्त पेट्रोल देत राहतो: स्लो चढलेलं, प्लग काळे, अ‍ॅव्हरेज पडलेलं. गाडी तापते म्हणून काढला असेल तर तापण्याचं कारण रेडिएटरमध्ये किंवा फॅनमध्ये शोधा आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

१८. प्लग, वायर, कॉइल, इंजेक्टर सगळं झालं. मिसिंग तसंच. आता?

आता कॉम्प्रेशन, जे खरं तर कॉइल विकत घेण्याआधीच करायला हवं होतं. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, पंपाचा फ्यूज आणि इग्निशनचा सॉकेट काढलेला, बॅटरी भरलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके. चांगल्या इंजिनात १७० ते २०० पीएसआय येतात. पण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा, तो साधारण १५ पीएसआयच्या वर नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून ५ ते १० मिली इंजिन तेल घालून परत मोजा. वाढलं तर रिंगा, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकत्र कमी असतील तर मधलं हेड गॅस्केट. कूलंट कमी होणं, सकाळी पहिलं मिनिटभर मिसिंग आणि एक धुतलेला प्लग, हे तिन्ही एकत्र दिसले तर तेच.

सगळे सारखेच कमी असतील आणि अलीकडेच टायमिंग बेल्टचं काम झालं असेल तर बेल्ट एक दात चुकलाय का बघा.

१९. सीएनजीवर ठीक, पेट्रोलवर थरथरते. आणि काहींची उलट तक्रार असते ना?

गॅसवर ठीक आणि पेट्रोलवर खराब म्हणजे पेट्रोलचे इंजेक्टर किंवा पंप. वर्षानुवर्षं न वापरल्यानं इंजेक्टर सुकतात, म्हणून रोज थोडं पेट्रोलवर चालवावं. गॅसवरच खराब असेल तर आधी स्पार्क: गॅसला पेटायला जास्त व्होल्टेज लागतो, त्यामुळे पेट्रोलवर अजून लपलेला अशक्त प्लग तिथे उघडा पडतो. दोन्हीवर, आणि गरम झाल्यावर जास्त, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली) फट संपलेली असते. गॅसच्या गाडीत टॅपेट आवाज करत नाही हे चांगलं लक्षण समजू नये. टाइट व्हॉल्व्ह आवाज न करता जळतो.

२०. पीयूसीच्या कागदावरून काही कळतं का?

कळतं, आणि फार कमी लोक तो वाचतात. स्लोवर सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा बीएस-२ व बीएस-३ गाड्यांना ०.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) ७५० पीपीएम. बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. एचसी खूप आणि सीओ कमी म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर पडतंय: मिसिंग किंवा फार पातळ मिश्रण. दोन्ही खूप म्हणजे मिश्रण घट्ट: रेग्युलेटर, टेम्परेचर सेन्सर, थर्मोस्टॅट. गाडी गरम करूनच चाचणी द्या, नाहीतर आकडे फसवतात.

२१. अशी गाडी घेऊन पणजी-मडगाव रोज केलं तर चालेल?

थोडी थरथर आणि वरती गुळगुळीत असेल तर काही दिवस चालेल. सतत एक सिलिंडर मिस असेल, किंवा चेक इंजिन लाईट लुकलुकत असेल, तर नको. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो आतून वितळतो. खाली सुकं गवत असेल तिथे अशी गाडी उभी करू नका. घरापर्यंत जायचंच असेल तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा सॉकेट काढून हळू जा.

२२. टाकी फुल केली की पाच मिनिटं थरथरते, एरवी नाही.

कॅनिस्टरचा (टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय, पेट्रोलची वाफ थेट मॅनिफोल्डमध्ये जाते. व्हॉल्व्हचा सॉकेट काढून नळीतून फुंका: वीज नसताना हवा जाता कामा नये. गेली तर बदला. आणि पंपावर नोझल कट झाल्यावर ‘गोल आकडा करा’ म्हणू नका. वर भरलेलं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा भिजवतं.

२३. चोर्ला घाट उतरून साखळीला सिग्नलवर थांबलो की मिनिटभर मिस होते, निळसर धूर येतो, मग सगळं ठीक. प्लग बदलून झाले.

लांब उतारावर पाय उचललेला असतो, थ्रॉटल बंद, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जबरदस्त. तो झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून तेल खाली ओढतो आणि पहिल्यांदा थांबल्यावर ते जळतं. नवे प्लग थोडे दिवस निभावतात इतकंच. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बदला. तो उघडा अडकला असेल तरी तेल असंच ओढलं जातं आणि पार्ट स्वस्त आहे. मग कॉम्प्रेशन घ्या: चांगलं आलं तर फक्त व्हॉल्व्ह सील, आणि बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचं प्रेशर धरून ते बदलता येतात. हेड उतरवायलाच हवं असं कोणी म्हटलं तर या पद्धतीनं करणारं गॅरेज आधी शोधा.